अवरोधकाची साक्ष किती ग्राह्य?

जीवरसायनशास्त्रात एक युक्तिवाद इतका रुळला आहे, की तो युक्तिवाद आहे हेच आपण विसरतो. ‘क्ष’ हा पदार्थ ‘य’ या विकराचा अवरोधक आहे. पेशींना ‘क्ष’ दिला, तेव्हा पेशींतील अमुक एक काम थांबले. म्हणून ते काम ‘य’ या विकरामुळे चालते. शोधनिबंधांत, औषधशास्त्राच्या पुस्तकांत आणि आपल्या वर्गातल्या फळ्यावरही ही तीन वाक्ये एकामागोमाग एक येतात आणि कोणाला खटकत नाहीत.

ती खटकायला हवीत. त्यासाठी एक उदाहरण घेऊ: न्यूक्लिओसाइडांचा पेशीत होणारा प्रवेश. विकरांचे म्हणून ओळखले जाणारे अनेक अवरोधक या प्रवेशाच्या वाटेतच आडवे येतात. त्यामुळे वरचा युक्तिवाद कोठे निसटतो ते येथे स्वच्छ दिसते. शिवाय हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. कर्करोगाच्या उपचारांशी त्याचा संबंध आहे.

कुलूप आणि किल्ली

विकर आणि त्याचा पदार्थ यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, ही कल्पना एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडली. आजही विकरांचा धडा तेथूनच सुरू होतो. अवरोधक म्हणजे कुलपात शिरणारी पण न फिरणारी किल्ली, असे आपण पुढे सांगतो आणि मॅलोनेटचे उदाहरण देतो. सक्सिनेटशी साम्य असलेले मॅलोनेट सक्सिनिक डिहायड्रोजिनेज या विकरात जाऊन बसते आणि ते विकर अडून राहते. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत हेच उदाहरण असते आणि ते चांगलेच आहे.

तक्रार उदाहरणाबद्दल नाही, ते ज्या बाजूने दाखवले जाते त्याबद्दल आहे. चित्रात कुलूप एकच असते. प्रत्यक्षात पेशीला दिलेला अवरोधक हजारो कुलपांच्या गर्दीत शिरतो. एकट्या कायनेज या वर्गाचीच सुमारे ५०० विकरे मानवी जनुकसंचात आहेत. त्याखेरीज वाहक प्रथिने, ग्राहक प्रथिने, आयनांचे मार्ग, हे सगळे आहेच. ‘य चा अवरोधक’ हे नाव त्या पदार्थाचा प्रथम कोठे उपयोग झाला तेवढेच सांगते. आणखी कोठे कोठे तो बसतो याबद्दल ते नाव मौन पाळते. आपण मात्र ते मौन म्हणजे नकार असे समजतो.

न्यूक्लिओसाइड आत कसे येतात?

नत्रयुक्त आम्लारी आणि शर्करा यांची जोडी म्हणजे न्यूक्लिओसाइड. ॲडेनोसीन, युरिडीन, थायमिडीन ही त्यांची परिचित उदाहरणे. या जोडीला फॉस्फेट जोडले की न्यूक्लिओटाइड बनते आणि न्यूक्लिओटाइडांची साखळी म्हणजे डीएनए किंवा आरएनए. पेशी आपली न्यूक्लिओटाइडे मुळापासून घडवू शकते, तशीच बाहेरची तयार न्यूक्लिओसाइडे उचलून वापरूही शकते.

न्यूक्लिओसाइडे पाण्यात रमणारी आहेत. पेशीच्या मेदयुक्त पटलातून ती सहजी पार होत नाहीत. त्यांना वाहक प्रथिन लागते. अशा वाहकांची दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यातील वाहक न्यूक्लिओसाइडाला जिकडे संहती कमी तिकडे जाऊ देतात. ते दोन्ही दिशांनी काम करतात. यांना ‘समतोली’ वाहक म्हणू. दुसऱ्या घराण्यातील वाहक सोडियम आयनांच्या ओढीचा उपयोग करून न्यूक्लिओसाइड आत खेचतात आणि साठवू शकतात. समतोली घराण्यातील पहिला मानवी वाहक, ईएनटी-१, याचे जनुक १९९७ साली हाती आले आणि २०१९ साली त्याची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली.

येथे एक बारकावा आहे. थायमिडीन समतोली वाहकातून आत येते तसेच बाहेरही जाऊ शकते. आत आल्यावर थायमिडीन कायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. फॉस्फेट जोडलेला रेणू या वाहकातून परत जाऊ शकत नाही, तो आत अडकतो. म्हणजे थायमिडीनचा डीएनएपर्यंतचा प्रवास असा: पटलातील वाहक, मग थायमिडीन कायनेज, मग आणखी दोन फॉस्फेट, आणि शेवटी डीएनए घडवणारे विकर.

शेवटच्या वाफ्यातले पाणी

पेशी डीएनए बनवत आहेत की नाही हे पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन ज्यात आहे असे थायमिडीन पेशींना द्यायचे आणि काही वेळाने डीएनएमध्ये किती किरणोत्सार उतरला ते मोजायचे. १९५७ साली टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी बाकल्याच्या मुळांवर याच थायमिडीनचा उपयोग केला आणि गुणसूत्रांची नक्कल होताना जुना अर्धा भाग व नवा अर्धा भाग एकत्र राहतात हे दाखवले. पुढे ही पद्धत पेशींच्या वाढीचे मोजमाप म्हणून सर्वत्र पसरली.

आता समजा, एखाद्या अवरोधकाच्या सान्निध्यात मोजणी १००० वरून ४०० वर आली. ‘डीएनएची निर्मिती ६० टक्क्यांनी घटली’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण आपण मोजले काय? पाटाच्या अगदी टोकाच्या वाफ्यातले पाणी. ते कमी झाले याचा अर्थ पाट कोठेतरी अडला आहे, एवढाच. शेतात दारे धरणारा माणूस अशा वेळी टोकाच्या वाफ्याकडे बघत तर्क करत बसत नाही. तो पाटाच्या कडेने मागे चालत येतो आणि पाणी कोठे तुंबले आहे ते पाहतो. जेथे तुंबले, त्याच्या लगेच पुढे अडथळा.

हीच कसोटी पेशीला लावता येते. डीएनए घडवणारे विकर अडले असेल तर किरणोत्सारी थायमिडीन आत शिरेल, त्याला फॉस्फेटही जोडले जातील, आणि ते तीन फॉस्फेटांच्या रूपात साचून राहील. थायमिडीन कायनेज अडले असेल तर आत साधे थायमिडीन बाहेरच्याइतक्याच संहतीपर्यंत भरेल आणि तेथे थांबेल. वाहकच अडला असेल तर आत फारसे काहीच साचणार नाही. थायमिडीन बाहेरच राहील. टोकाचा आकडा मात्र तिन्ही वेळा ४०० असू शकतो.

मॅलोनेटचे उदाहरण चांगले का, ते आता लक्षात येईल. क्रेब्ज यांनी १९३७ साली आपले चक्र मांडले तेव्हा मॅलोनेटचा पुरावा महत्त्वाचा होता. पण तो ‘मॅलोनेट दिले आणि श्वसन थांबले’ एवढाच नव्हता. मॅलोनेट दिल्यावर ऊतींमध्ये सक्सिनेट साचते, हे मोजून दाखवलेले होते. पाणी कोठे तुंबले ते पाहिले होते. पाठ्यपुस्तकात किल्लीचे चित्र राहिले आणि तुंबलेले पाणी गळाले.

चहाच्या कपातला पुरावा

नाव आणि काम यांत किती अंतर पडू शकते, याचे सोपे उदाहरण डायपिरिडॅमोल या औषधात सापडते. औषधशास्त्राच्या पुस्तकांत ते फॉस्फोडायएस्टरेज या विकराचा अवरोधक म्हणून नोंदलेले असते. ते खरे आहे. पण ते ईएनटी-१ या वाहकालाही अडवते.

हृदयाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करताना, व्यायाम करू न शकणाऱ्या रुग्णांना हे औषध शिरेतून देण्याची पद्धत आहे. त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अशा रुग्णाला आधीपासून चहा-कॉफी वर्ज्य करायला सांगतात. का? नावावर विश्वास ठेवून उत्तर काढून पाहू. कॅफीन हेदेखील फॉस्फोडायएस्टरेजचे, सौम्य का होईना, अवरोधक आहे. तेव्हा दोन अवरोधकांनी एकमेकांना साथ द्यायला हवी आणि परिणाम वाढायला हवा. घडते उलट: कॅफीनमुळे परिणाम बोथट होतो.

वाहकाचा विचार केला की कोडे सुटते. पेशींबाहेर आलेले ॲडेनोसीन वाहकावाटे पुन्हा पेशींत ओढले जात असते. डायपिरिडॅमोल ते दार अडवते. ॲडेनोसीन बाहेर साचते आणि पेशींच्या पृष्ठभागावरील आपल्या ग्राहक प्रथिनांना चिकटून रक्तवाहिन्या सैल करते. कॅफीन नेमके त्याच ग्राहकांवर आधीच जाऊन बसते. येथेही निर्णायक प्रश्न तोच होता: साचले काय, आणि कोठे?

पी-३८ ची गोष्ट

कोणी म्हणेल, डायपिरिडॅमोल हे जुन्या काळचे औषध; आजचे अवरोधक नेमके लक्ष्य डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात. म्हणून आता अशाच एका पदार्थाकडे वळू.

पी-३८ हे पेशीतील संदेशवहनात भाग घेणारे कायनेज. दाह कमी करणाऱ्या काही पदार्थांचे लक्ष्य शोधताना १९९४ साली ते पुढे आले. त्या कुळातला एसबी २०३५८० हा पदार्थ पी-३८ चा अवरोधक म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. तो दिल्यावर जे थांबेल ते पी-३८ चे काम, असे निष्कर्ष निघू लागले. २००२ साली अमेरिकेतील एका गटाने रक्ताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या के-५६२ या मानवी पेशींवर काम करताना दाखवून दिले, की हा पदार्थ आणि त्याचे भाऊबंद न्यूक्लिओसाइडांचा पेशीतला प्रवेशच रोखतात. या परिणामाशी पी-३८ चा संबंध नव्हता. हे पदार्थ थेट वाहकावर काम करत होते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने इतर कायनेजांचे अवरोधक तपासले. त्यांपैकी अनेकांनी, पेशीविभाजनाच्या कायनेजांना रोखणाऱ्या रॉस्कोव्हिटीननेसुद्धा, न्यूक्लिओसाइडांची आवक कमी केली.

याचे फार आश्चर्य वाटायला नको. कायनेज फॉस्फेट कोठून घेतात? एटीपीपासून. आणि एटीपी म्हणजे तीन फॉस्फेट लावलेले ॲडेनोसीन, म्हणजे मुळात एक न्यूक्लिओसाइडच. कायनेजांचे बहुतेक अवरोधक एटीपीची जागा बळकावतात. न्यूक्लिओसाइडासाठी घडलेल्या एका खोबणीत जो बसतो, तो न्यूक्लिओसाइडासाठी घडलेल्या दुसऱ्या खोबणीतही बसण्याची शक्यता असणारच. रॉस्कोव्हिटीनचा तर सांगाडाच प्युरीनचा आहे. किल्लीच्या बाजूने विचार केला असता तर ही शंका आधीच यायला हवी होती.

येथे संशोधकांच्या एका सवयीवरही बोट ठेवले पाहिजे. अवरोधक किती नेमके आहेत याची शंका कोणी घेतलीच नाही असे नाही. स्कॉटलंडमध्ये डंडी येथे फिलिप कोहेन यांच्या गटाने २००० साली २८ प्रचलित अवरोधक अनेक कायनेजांवर पारखून पाहिले आणि त्यांतील बरेचसे समजले जातात तितके नेमके नाहीत हे दाखवले. ते काम मोलाचे आहे. पण ती परीक्षा कायनेजांपुरती होती. ‘इतर कोणत्याही कायनेजला धक्का लावत नाही’ या प्रमाणपत्राचा अर्थ पुष्कळांनी ‘इतर कशालाही धक्का लावत नाही’ असा घेतला. वाहक प्रथिन हे कायनेज नाही, म्हणून त्या यादीत ते कधी आलेच नाही. गणिताच्या पेपरात पहिला आलेल्या मुलाला भूगोलही येतो असे आपण धरत नाही. येथे मात्र धरले गेले.

उलट दिशेचा परिणाम

आतापर्यंतची उदाहरणे दार अडवणाऱ्या अवरोधकांची झाली. विकर अडल्यामुळे दार अधिक उघडावे, असेही घडते.

थायमिडिलेट सिंथेज हे विकर पेशीला लागणारे थायमिडिलेट मुळापासून बनवते. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरील औषध या विकराला अडवते. घरचे थायमिडिलेट मिळेनासे झाले की पेशी बाहेरच्या थायमिडीनकडे वळते. २००६ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवले, की अशा वेळी न्यूक्लिओसाइडांचे वाहक पेशीच्या आतून पटलाकडे सरकतात. त्यामुळे उंदरांतील गाठींमध्ये थायमिडीनसारख्या एका खुणेच्या रेणूची आवक उपचारानंतर थोड्याच वेळात वाढलेली दिसली.

यात आणखी एक गुंता आहे. पेशीचे स्वतःचे थायमिडिलेट किरणोत्सारी नसते. ते बाहेरून आलेल्या किरणोत्सारी मालात मिसळून त्याला पातळ करते, दुधात पाणी घालावे तसे. घरचा पुरवठा बंद झाला की पाणी घालणे थांबते. मग डीएनएची निर्मिती प्रत्यक्षात मंदावली असतानाही डीएनएमध्ये उतरणारा किरणोत्सार वाढू शकतो. औषध आपले काम करत असते आणि मोजणी मात्र सांगते की पेशी जोमाने वाढत आहेत. अशा वेळी आकडा बरोबर असतो, आपले वाचन चुकते.

रुग्णापर्यंत पोहोचणारा प्रश्न

कर्करोगावरील काही महत्त्वाची औषधे न्यूक्लिओसाइडांचीच सोंगे आहेत. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात सायटॅराबिन देतात, स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसायटाबिन. दोघांनाही पेशीत शिरायला मुख्यतः ईएनटी-१ चे दार लागते. आत गेल्यावर पेशीचीच विकरे त्यांना फॉस्फेट जोडतात आणि मगच ती घातक ठरतात.

आता या औषधांच्या जोडीला एखादा कायनेज-अवरोधक द्यायचा विचार करा. कागदावर बेत उत्तम दिसतो: एक औषध डीएनए बिघडवील, दुसरे वाढीचे संदेश थांबवील. पण दुसऱ्या औषधाने वाहकच अडवला तर पहिले औषध दाराबाहेर ताटकळत राहील. दोन औषधांची बेरीज होण्याऐवजी वजाबाकी होईल. प्रयोगशाळेतील पेशींवर अशी वजाबाकी दिसलेली आहे. रुग्णाच्या शरीरात ती किती होईल हे औषधाची रक्तातील पातळी, प्रथिनांना चिकटलेला भाग आणि वेळ यांवर ठरते. तेव्हा प्रत्येक जोडीची भीती बाळगण्याचे कारण नाही. क्रमाचा विचार करण्याचे मात्र आहे. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला मिडोस्टॉरिन हा कायनेज-अवरोधक घ्या. सुरुवातीच्या उपचारात सायटॅराबिन पहिले सात दिवस देतात आणि मिडोस्टॉरिन आठव्या दिवसापासून. हे वेळापत्रक वाहकाच्या विचाराने आखले गेले असे माझे म्हणणे नाही. आधी आत येऊ द्यायचे औषध, मग अडवू शकणारे औषध, असा क्रम कसा दिसतो ते त्यावरून कळते, इतकेच.

मग अवरोधक टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. अवरोधक काही सेकंदांत परिणाम करतो, धुऊन काढता येतो, कमी-जास्त देता येतो. जनुक काढून टाकलेली पेशी हा पर्याय दिसायला निर्दोष वाटतो. पण दिवसेंदिवस त्या जनुकाविना जगताना पेशी आपला संसार नव्याने मांडते, आणि मग आपण दुसऱ्याच पेशीचा अभ्यास करत बसतो. अवरोधकाची साक्ष घ्यावीच. एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

उलटतपासणीचे प्रश्न अवघड नाहीत. त्याच विकराचा, पण अगदी वेगळ्या रचनेचा दुसरा अवरोधक हाच परिणाम देतो का? रचनेने जवळचा, पण त्या विकरावर निष्प्रभ असलेला भाऊबंद परिणाम देतो का? दिला तर विकराचा संबंध संशयास्पद. ज्या पेशीत ते विकर नाहीच, तेथे काय होते? परिणाम ज्या मात्रेला दिसतो, ती मात्रा विकर अडायला लागणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट अधिक आहे का? आणि न्यूक्लिओसाइडांच्या बाबतीत विशेष प्रश्न: मोजणी किती वेळाने केली? वाहकाचे काम सेकंदांत उरकते. अर्ध्या तासाने मोजले तर वाहक, कायनेज आणि पुढचे सगळे एकत्र मोजले जाते. वाहकाबद्दल बोलायचे असेल तर पहिल्या काही सेकंदांतच मोजावे लागते.

फळ्यावर काय बदलावे?

या सगळ्यासाठी शाळेत किरणोत्सारी थायमिडीनची गरज नाही. मॅलोनेटचा धडा शिकवताना किल्लीच्या चित्राशेजारी एक पाट काढावा, त्यावर तीन दारे दाखवावीत आणि विचारावे, ‘शेवटच्या वाफ्यात पाणी कमी आले, कोणते दार बंद आहे?’ पुष्कळ विद्यार्थी चटकन एक दार निवडतील. ‘आणखी काय पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही?’ हा पुढचा प्रश्न त्यांना विचारावा, आणि उत्तर त्यांच्याकडूनच येईपर्यंत थांबावे. शेतावर दारे धरलेले एखादे मूल वर्गात असेल तर ते सर्वांच्या आधी सांगेल.

परीक्षेतही ‘मॅलोनेट कोणत्या विकराचा अवरोधक आहे?’ या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी ‘मॅलोनेट दिल्यावर कोणता पदार्थ साचेल, आणि त्यावरून काय सिद्ध होते?’ असे विचारता येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्यासाठी पाटाच्या कडेने मागे चालत जावे लागते.